खंडेनवमीचं तेल

जालन्यात मस्तगडाच्या रस्त्यावर झेंडूचे ढीग येऊन बसले की माझी बोटं वळवळायला लागतात. दुकानात, दवाखान्यात, कुणाच्या घरी हळदीकुंकवाला, जिथं हाताला येईल असा बल्ब दिसेल तिथं त्याचा पांढरा गोल चिमटीत धरायचा आणि हलकेच ओढून बघायचा, हा माझा या दिवसांतला चाळा आहे. लोकांना वाटतं बाई धूळ पुसतेय. आईला खरं माहीत आहे. ती म्हणते, "लोकं लग्नात नवरी बघतात, आमची ही मांडवातले बल्ब बघती." गोल निघाला नाही की मी पुढं चालू लागते.

मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत दिव्यांच्या कारखान्यात प्रॉडक्ट आणि प्रोसेस इंजिनिअर आहे. नातेवाइकांना हे नीट सांगता येत नाही, म्हणून ते "बल्बच्या कंपनीत आहे" एवढ्यावर भागवतात आणि घरातला पंखा बंद पडला तरी मला फोन करतात. कामच सांगायचं तर बल्ब कसा असावा हे ठरवायचं, आणि तो रोज, प्रत्येक हातातून, तसाच कसा निघेल हे बघायचं. पहिलं काम टेबलावर होतं. दुसऱ्यानं माझे केस पांढरे केले. मी मुळातच शंकेखोर, त्यात ही नोकरी. गॅसवर दुधाचं पातेलं ठेवलं तरी ते कशाकशामुळं उतू जाईल याचा विचार मी आधी करते. घरचे त्याला कंटाळलेत आणि खरं सांगायचं तर मीही.

एलईडी बल्ब बाहेरून अगदी साधा दिसतो. खाली होल्डरमध्ये बसणारी टोपी, मग प्लॅस्टिकचं अंग, अंगात वीज बदलून देणारा छोटा सर्किटचा तुकडा, त्याच्यावर दिव्यांची गोल पट्टी, आणि सगळ्यात वर दुधी रंगाचा गोल. त्या गोलाला आम्ही डोम म्हणतो. तो उजेड मऊ करण्यासाठी असतो असं लोकांना वाटतं, आणि ते खरंच आहे. पण अर्धंच. बऱ्याच बल्बांत त्या आतल्या पट्टीवर घरातली वीज थेट खेळत असते. डोम जागेवर आहे तोवर काही भीती नाही. डोम निघाला की उघडी तार आणि तुमचं बोट यांच्यामध्ये काहीच उरत नाही. म्हणून मी त्याला मनातल्या मनात भिंत म्हणते.

नवरात्र ते दिवाळी हा आमचा सगळ्यात कठीण हंगाम. ऊन भाजून काढत असतं, स्टीलच्या कारखान्यांचा धूर खाली बसलेला असतो, रस्त्यांवर सोयाबीनचं भुसकट उडत असतं आणि सगळ्यांचे घसे खवखवत असतात. तिकडं शेतांत कापूस फुटलेला असतो, त्यामुळं लाइनवरच्या निम्म्या बाया वेचणीला जायचं म्हणून सुट्ट्या मागतात. आणि नेमकं तेव्हाच बाजाराला बल्ब सगळ्यात जास्त हवे असतात. या दिवसांत कारखान्यात कुणी कुणाशी सरळ बोलत नाही. सगळे थोडे वरच्या पट्टीत असतात. चिकटवायच्या सिलिकॉनचा लोणच्याच्या खारासारखा आंबट वास नाकात बसलेला असतो, तो घरी जेवतानाही जात नाही.

तरी बाया हसतात. तयार झालेले बल्ब आम्ही एका बंद खोलीत मांडणीवर लावून बराच वेळ पेटते ठेवतो, म्हणजे कच्चा असेल तो तिथंच जातो. कागदावर त्याला एजिंग म्हणतात. आमच्या बाया त्याला जागरण म्हणतात. "कालचा माल जागरणाला बसलाय, मॅडम," असं मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं तेव्हा मी हसले होते, आता मीही तेच म्हणते. नवरात्रात अनवाणी राहायचं व्रत असतं आणि कारखान्यात विशिष्ट चपला घालायची सक्ती. मग बाया फाटकापर्यंत अनवाणी येतात, आत चपला घालतात, आणि सुटी झाली की फाटकाबाहेर पुन्हा अनवाणी. देवीला हा हिशेब चालत असावा.

हे सगळं मला शिकवलं ते सुनीताताईंनी. त्या डोमच्या लाइनवर प्रमुख होत्या, कंत्राटाच्या नोकरीवर. घनसावंगीकडच्या गावातून कंपनीच्या बसनं यायच्या, आणि बसमधून उतरल्या की त्यांच्या मागून दहा-बारा बाया एका ओळीत आत शिरायच्या. बोलायच्या कमी. एखादीचा हात कामात ढिला पडला तर तिच्या शेजारी जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या. मला त्यांच्याबद्दल आदर होता आणि थोडी भीतीही होती.

ज्या वर्षाची आठवण मला दर झेंडूबरोबर येते त्या वर्षीची खंडेनवमी नेहमीसारखीच झाली. शेतकऱ्याच्या घरात त्या दिवशी विळा, कुऱ्हाड, पांभर, जे जे वर्षभर राबलं ते धुऊन, तेलाचं बोट लावून पुजतात. आमच्या बायांच्या घरी हेच होतं, म्हणून कारखान्यातही हेच. पण त्याआधीच्या वर्षी कुणीतरी मोठ्या भक्तीनं एका यंत्राच्या अंगात तेल सोडलं होतं आणि ते यंत्र पुढं कितीतरी दिवस रुसून बसलं. त्यामुळं मेंटेनन्सवाल्यांनी फळ्यावर ठळक लिहून ठेवलं होतं, "मशीनला तेल, हळद-कुंकू लावू नये." मी फळा वाचला, मनात बरं म्हटलं आणि टोपी बसवणाऱ्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिले, कारण रुसणारं यंत्र तेच होतं. त्याला फक्त झेंडूची माळ घातली गेली. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, दसऱ्याची सुटी झाली.

सुटीनंतर काम जोरात सुरू झालं. डोम ओढून बघायची चाचणी तेव्हा थंड बल्बांवर व्हायची, तशीच ती ठरलेली होती, आणि प्रत्येक नमुना पास झाला. आमचे प्लँटचे प्रमुख मोरेसाहेब खूश होते. दिवाळीला कंपनी प्रत्येकाला मिठाईबरोबर बल्बांची एक पेटी देते. त्या वर्षीच्या पेट्या सुटीनंतरच्या त्या पहिल्याच मालातून भरल्या गेल्या. वसुबारसेच्या आधी सगळ्यांना वाटून झाल्या. बाया पेट्या डोक्यावर घेऊन बसमध्ये चढल्या.

माझ्या पेटीतला एक बल्ब मी स्वयंपाकघरात लावला होता. धनत्रयोदशीच्या सकाळी आईनं तो देवघरात लाव म्हणून धोशा लावला. मी बटण बंद केलं, स्टुलावर चढले, बल्ब धरून फिरवायला लागले, आणि डोम माझ्या हातात आला. बल्ब होल्डरमध्येच राहिला. मी स्टुलावर तशीच उभी राहिले. वर उघडी पट्टी, हातात गरम दुधी गोल. बटण बंद करायची मला सवय होती म्हणून मी उभी होते, हे कळायला एक क्षण लागला.

"काय झालं?" आई म्हणाली.

"काही नाही. बटणाला हात लावू नकोस."

खाली उतरून मी डोमची कड बोटानं पुसली. बोट घसरलं. सिलिकॉनचं कडं बल्बाच्या अंगाला पक्कं चिकटलेलं होतं, डोमकडून मात्र दुधावरची साय उचलावी तसं सुटून आलं होतं. म्हणजे सिलिकॉन चांगलं होतं. डोमच्या कडेला काहीतरी लागलेलं होतं. मी पेटीतले उरलेले बल्ब एकेक करून लावले, चांगले तापू दिले, बटण बंद करून ओढले. सगळे डोम निघाले. थंड असताना पक्के बसलेले, तापले की सुटणारे. आईच्या कणकेच्या परातीशेजारी मी ते ओळीनं मांडून ठेवले. सणासुदीचं हे काय मांडलंयस म्हणून आई चिडली आणि माझा चेहरा बघून तिनं परात बाजूला घेतली.

मोरेसाहेब फोनवर आधी म्हणाले, "एखाददुसरा निघतोच. दिवाळीच्या तोंडावर अफवा नका उठवू." मी म्हटलं, एखाददुसरा नाही, सगळे, तुम्ही तुमच्या घरचा तापवून बघा, पण आधी बटण बंद करा. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. आवाज बदललेला होता. बाजाराचा माल अजून गोदामात होता, तो तिथंच अडवला. राहिल्या त्या बायांना वाटलेल्या पेट्या.

मग फोन सुरू झाले. मी, मोरेसाहेब, ऑफिसातले जे जालन्यात होते ते सगळे. बल्ब काढू नका, पुसू नका, हात लावू नका, घराचं मेन बटण बंद करा, कंपनीचा माणूस येईल तो काढेल. ऐकायला सोपं वाटतं. पण मी शंकेखोर आहे आणि मला ठाऊक होतं की किती घरांत मेन बटण असतं, किती घरांत वायर नुसती पिरगाळून टेप गुंडाळलेली असते. आमच्या भागात एकच चांगला बल्ब घरभर फिरतो. संध्याकाळी ओसरीत, जेवताना चुलीपाशी, वासरू आजारी असलं तर गोठ्यात. आणि दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती. भल्या पहाटे, अंधारात, तेलाच्या हातानं, ओल्या पायांनी, प्रत्येक घरातला एक बल्ब न्हाणीत जाणार होता. हे चित्र एकदा डोळ्यांपुढं आलं ते दिवसभर गेलंच नाही.

दुपारपर्यंत सगळ्या पेट्यांचा पत्ता लागला, एक सोडून. सुनीताताईंचा फोन लागला, पण पेटी त्यांच्याजवळ नव्हती.

"मायला देली, मॅडम. आष्टीला. दिवाळीची म्हणून देली."

"आईंना फोन करा."

"कव्हाचा करू राह्यले. बंद येतोय."

आष्टी म्हणजे परतूरच्याही पुढं. मोरेसाहेबांनी जीप दिली. सलीमभाई नावाचे आमचे जुने ड्रायव्हर, त्यांनी काही विचारलं नाही. वाटेत घनसावंगीच्या फाट्यावर सुनीताताई उभ्या होत्या. दिवाळीसाठी काढलेली कोरी साडी अंगावर, कपाळावर घाम. जीपमध्ये बसताना त्यांनी मला एवढंच विचारलं की किती वेळ लागेल. सलीमभाई म्हणाले, "जल्दी जाऊ, ताई. पर रोडवर सोयाबीन टाकेल हाय, दिसतंय ना." आणि खरंच, अर्धा रस्ता सोयाबीननं आणि अर्धा बाजाराला निघालेल्या बैलगाड्यांनी अडवलेला होता.

जीपमध्ये सुनीताताईंनी गावातल्या चुलत भावाला, रामदासला फोन लावला. तो शेतात होता. मी त्यांना खुणेनं सांगत होते की नीट सांगा, सगळं नीट सांगा.

"रामदास, मायच्या घरचा बल्ब हाय ना, नवा..."

"बिघडला का? मी जातो अन् काढून टाकतो."

"न्हाई, न्हाई, हात लावू नको..."

फोन कटला. रेंज गेली होती. सुनीताताईंनी हातातल्या फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. "त्यानं कुठवर ऐकलं आसंल?" अर्धा निरोप मुळीच निरोप न देण्यापेक्षा वाईट असतो, हे मला माहीत होतं. त्यांनी पुन्हा पुन्हा लावला. दर वेळी तीच बाई तेच सांगत होती.

अशा वेळी माणूस कशाचा तरी विचार करत बसतो, मी तेलाचा करत होते. डोमच्या कडेला तेलच होतं याची मला आता खात्री झाली होती, पण आमच्या लाइनवर तेल येईल कुठून? डोम येतात बंद पेट्यांतून. पेटीतून निघाले की पत्र्याच्या भोकाभोकाच्या ट्रेमध्ये उपडे मांडले जातात, कड खाली, आणि तिथून उचलून सिलिकॉनवर बसतात. मध्ये यंत्रच नाही. मी हे सगळं मोठ्यानं बोलत होते, स्वतःशी बोलावं तसं.

"ट्रे म्या पुसले व्हते," सुनीताताई म्हणाल्या.

"कधी?"

"खंडेनवमीला."

"कशानं?"

"गोड्या तेलानं. चांगलं घासून पुसलं, मंग तेलाचं बोट फिरवलं समद्या भोकांच्या कडंनी." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "मॅडम, ट्रे मशीन हाय का?"

हा प्रश्न वाद घालण्यासाठी नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. फळ्यावर मशीन लिहिलेलं होतं. मशीन म्हणजे जे फिरतं, आवाज करतं, ज्याला वीज लागते ते. ट्रे म्हणजे पत्रा. आणि मशीनला हात लावायचा नाही म्हटल्यावर, त्या म्हणाल्या, काहीतरी पुजायला तर पाहिजेच. वर्षभर हात ज्याच्यावर चालतात ते तर ट्रेच आहेत. पत्र्याला तेल लावल्याशिवाय ती कसली पूजा.

माझ्या धंद्यात तेल म्हणजे डाग. चिकटणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा तो वैरी. आणि त्याच आठवड्यात घराघरांत बायका लेकरांच्या अंगाला तेल चोळणार होत्या, जावयाच्या, भावाच्या, म्हाताऱ्या सासऱ्याच्या. आपल्याकडं प्रेम करायचं म्हटलं की हात तेलाच्या वाटीकडं जातो. ज्या बाईनं कारखान्यातल्या पत्र्यालाही घरचं माणूस समजून तेल लावलं, तिच्यावर रागवायचं कसं, हे मला त्या जीपमध्ये कळलं नाही, आणि आजही कळलेलं नाही.

पुढं मी जो अहवाल लिहिला त्यात ट्रेला तेल लागलं एवढंच लिहिलं. कुणी लावलं ते मोरेसाहेबांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या प्रक्रियेत ट्रे कसे पुसायचे हेच लिहिलेलं नव्हतं, मग पुसणाऱ्याचं नाव घेऊन काय करणार. त्यांनी सही केली. आता आमच्याकडं डोम तापलेल्या बल्बावरच ओढून बघतात. आणि जुन्या तारेच्या बल्बांच्या काळातलं एक मोडकं यंत्र दाराशी आणून ठेवलंय. खंडेनवमीला त्याला हवं तेवढं तेल, हळद, कुंकू, शेंदूर. ते काळंभोर चमकत असतं आणि बाया समाधानानं आत जातात. माझ्या सगळ्या नोकरीत मला सुचलेली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट असावी. पण त्या दिवशी जीपमध्ये यातलं काहीच सुचलेलं नव्हतं.

मला वाटलं होतं सुनीताताई आता नोकरीचं विचारतील. कंत्राटवाला असल्या गोष्टीवर बाईला दुसऱ्या दिवशी घरी बसवतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी विचारलं, "झटका किती बसतो?"

मी खोटं बोलू शकले असते. पण त्या बाईशी खोटं बोलायचं माझ्यात धाडस नव्हतं. म्हटलं, त्याचा नेम नाही. कोरडा हात, पायात चप्पल, तर नुसत्या झिणझिण्या. हात ओला असला, पाय अनवाणी, खाली ओली फरशी...



"न्हाणीत," त्या म्हणाल्या.

सुनीताताईंनी फोन पुन्हा कानाला लावला. सलीमभाईंनी हॉर्नवरून हात उचलला नाही. परतूरच्या पुढं दिवस कलायला लागला. ज्या गावातून जीप जाई तिथं घरोघरी दिवे लागत होते, पणत्या, माळा, आकाशकंदील. मी इतकी वर्षं दिवे बनवते, पण दिवे लागताना बघून भ्यायची माझी ती पहिलीच वेळ. प्रत्येक पिवळ्या, पांढऱ्या ठिपक्याखाली मला एक हात दिसत होता.

आष्टीच्या मागच्या आळीत सुनीताताईंच्या आईचं पत्र्याचं घर. गयाबाई तिथं एकट्याच राहतात. जीप थांबायच्या आधीच सुनीताताईंनी उडी टाकली. "माय," त्यांनी हाक मारली. कुणी ओ दिली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा मारली तेव्हा त्यांचा आवाज फाटला. मी त्यांच्या मागं धावले. अंगणात सडा होता, रांगोळी होती, आणि घराच्या कडेला तट्ट्यांनी आडोसा केलेल्या न्हाणीत आमचा बल्ब लख्ख पेटलेला होता.

गयाबाई चुलीपुढं बसलेल्या होत्या. दाराकडं पाठ. सुनीताताईंनी खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी वळून बघितलं आणि लेकीला बघून तोंडभर हसल्या. मायला ऐकू फार कमी येतं, सुनीताताई मला म्हणाल्या, आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांना रडू येत होतं की हसू ते त्यांनाही कळत नसावं.

मी न्हाणीत गेले. बल्ब छतापासून लोंबत्या वायरीला होता, बटण कुठंच नव्हतं. डोम बल्बावर होता, पण तो आता आमच्या सिलिकॉननं धरलेला नव्हता. जुन्या साडीची किनार फाडून कुणीतरी तो वरून खाली बांधून ठेवला होता, नीट गाठ मारून, डोक्याला फडकं बांधतात तसा. म्हणजे तो एकदा निघालेला होता. निघाला आणि कुणीतरी पुन्हा बसवला.

सलीमभाईंना मी कोरडा पाट आणि कोरडा टॉवेल आणायला सांगितलं. पाटावर उभी राहिले, टॉवेल हाताला गुंडाळला, बल्बाचं टोपीजवळचं प्लॅस्टिकचं अंग तेवढं धरलं, दाबलं, फिरवलं. बल्ब सुटला आणि न्हाणीत अंधार झाला. तो मी टॉवेलातच गुंडाळून घेतला.

परत आले तेव्हा सुनीताताई आईचा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चुलीच्या उजेडात दोन बोटांवर हळदीचा लेप दिसत होता, खालची कातडी काळवंडलेली.

"हे कव्हा झालं?" त्यांनी आईच्या कानाशी जाऊन विचारलं.

"काल सांजच्याला," गयाबाई म्हणाल्या. "बल्ब न्हाणीत लावावं म्हणलं उद्याच्यासाठी. तर तो गोलच हातात आला. असा झटका बसला की मी त्या तिकडं जाऊन पडले. मंग हात कोरडे करून लुगड्याच्या किनारीनं बांधला."

"अन् कुणाला सांगितलं न्हाई?"

"काय सांगायचं त्यात? भांडे घासून उठल्ते. हात वल्ले व्हते माझे. रामदास आल्ता मघाशी, त्यो बी इचारत व्हता, त्याला बी म्हणलं, बल्ब बराबर हाय. लेकीनं बनवलेला बल्ब. माझेच हात वल्ले."

माझ्या ऑफिसात तक्रारींचे रकाने आहेत. कुठं बंद पडला, कुठं लुकलुकतो, कुठं गरम होतो. ते बघून मी आमचा माल कसा आहे ते ठरवते. त्या रकान्यांत गयाबाई कधीच आल्या नसत्या. अशा किती बायका आल्या नसतील, ज्यांनी हात झटकला, हळद लावली आणि दोष स्वतःच्या ओल्या हातांना दिला. हे त्या चुलीपुढं माझ्या लक्षात आलं आणि मला फार लाज वाटली.

जीपचा आवाज ऐकून शेजारपाजारच्या बाया दारात जमल्या होत्या. रामदासही पुन्हा आला होता, मातीचे पाय घेऊन उंबऱ्याशी उभा. सगळे काय झालं म्हणून विचारत होते.

सुनीताताई आईला म्हणाल्या, "तुझे हात वल्ले व्हते म्हणून न्हाई झालं, माय. तेल व्हतं त्या गोलाला."

"आं?" गयाबाईंनी कान पुढं केला.

दारात एवढी माणसं होती, एक-दोघी तर आमच्याच बसनं येणाऱ्या बायांच्या नात्यातल्या. मी सुनीताताईंच्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हटलं, "ताई, राहू द्या. नंतर सांगा." त्यांनी माझा हात बाजूला केला. आईच्या पुढं उकिडव्या बसल्या, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"तेल म्या लावलं व्हतं, माय. तुझी चूक न्हाई. माझ्या हातानं झालं."

गयाबाईंनी लेकीकडं बघितलं. मग दाराकडं. मग हळदीचा हात उचलून त्यांनी तो लेकीच्या तोंडावर ठेवला.

"हळू बोल गं," त्या म्हणाल्या. "लोकं ऐकू राह्यलेत."